पुण्याहून पुरंदर: अंजीर, सीताफळ आणि बाजार एका दिवसात कसं जमवायचं

पुण्यात नवीन आला असाल आणि खाण्याची आवड असेल तर मिसळ कुठली बेस्ट यावर वाद घालण्यात सगळे रविवार घालवू नका, एक रविवार पुरंदरला द्या. पुरंदर तालुक्याचं मुख्य गाव सासवड, पुण्यापासून जेमतेम तीसेक किलोमीटर, पण मधे दिवे घाट लागतो आणि वर चढलं की हवा, भाषेचा सूर आणि ताटातलं जेवण असं सगळंच थोडं बदलतं. अंजीर, सीताफळ, पावसाळी वाटाणा, हिवाळ्यात हुरडा. हे सगळं पुण्यात हातगाडीवरही मिळतं की, मग जायचं कशाला?

तर कारण एकच आहे आणि पुढचा सगळा प्लॅन त्याच्यावरच उभा आहे. हातगाडीवर येणारं अंजीर झाडावर पूर्ण पिकलेलं नसतं, असूच शकत नाही, पूर्ण पिकलेलं अंजीर घाट उतरेपर्यंत स्वतःच्याच वजनाने बसतं. आणि हे फळ आंब्यासारखं अढीत घालून पिकत नाही, तोडलं की नुसतं मऊ पडतं, गोडी जिथे होती तिथेच थांबते. म्हणून जे प्रवासात टिकत नाही ते तिथे उभं राहून खायचं आणि जे टिकतं तेवढंच पिशवीत घालायचं. मी पहिल्या वर्षी नेमकं उलटं केलं होतं. शेतात दोनच अंजिरं खाल्ली, बाकी दोन किलो प्लास्टिकच्या पिशवीत भरून डिकीत टाकली, एप्रिलची दुपार, त्यात मधे जेजुरीला दोन तास थांबलो, घरी येऊन पिशवी उघडली तर आत जॅम.

आधी महिना बघा

जायच्या आधी काय पिकतंय ते बघा, नाहीतर एवढं लांब जाऊन नुसता घाट बघून याल. अंजिराचे दोन बहार, म्हणजे फळांचे हंगाम, असतात. पावसाळ्यात धरतात तो खट्टा बहार, त्याची फळं हिवाळ्याच्या सुरुवातीला चालू होतात, आणि मीठा बहार उन्हाळ्याच्या तोंडाशी येतो, मार्च-एप्रिल त्याचा भर. नावावरून कळतंच की गोडी कुठल्यात जास्त, पण खट्ट्यालाही नावं ठेवू नका, थंडीतल्या सकाळी गार अंजीर खाण्यात वेगळी मजा आहे. पुरंदरच्या अंजिराला २०१६ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, नागपूरच्या संत्र्याला जसं आहे तसं.

सीताफळ ऑगस्टपासून दिवाळीपर्यंत, थोडं पुढेही. उन्हाळ्यात पाणी देऊन धरलेल्या बागा आधी येतात, निव्वळ पावसावरच्या नंतर. वाटाणा पावसाळ्याच्या उत्तरार्धात, हुरडा डिसेंबर ते फेब्रुवारी. मला विचाराल तर पहिल्यांदा जाणाऱ्याने एकतर सप्टेंबर-ऑक्टोबर गाठावा, सीताफळ, वाटाणा आणि हिरवागार घाट तिन्ही मिळतात, नाहीतर सरळ मार्चचा दुसरा पंधरवडा, निव्वळ अंजिरासाठी. मे महिन्यात जाऊन ऊन आहे म्हणून तक्रार करणाऱ्यांसाठी माझ्याकडे सल्ला नाही. आणि आषाढी वारीत माउलींची पालखी दिवे घाट चढून सासवडला मुक्कामी असते तेव्हा गाडी घेऊन अजिबात जाऊ नका, रस्ताच बंद असतो. त्या दिवशी चालत जा, तो वेगळा लेख होईल.

शेतकरी कसा शोधायचा

नवीन माणसाला हेच सगळ्यात अवघड वाटतं आणि खरं तर हेच सोपं आहे. दिवे, सोनोरी, गुरोळी, सिंगापूर, राजेवाडी, वाघापूर या पट्ट्यात कुणालाही विचारा, प्रत्येकाच्या भावकीत एक तरी बाग निघते. पण असं आयत्या वेळी जाऊन कुंपणातून आत डोकावू नका, आधी फोन झालेला बरा. नंबर कुठून आणायचा? माझी युक्ती सांगते. पुण्याच्या मार्केट यार्डात, म्हणजे होलसेल बाजारात, अंजिराच्या किंवा सीताफळाच्या पाटीवर (टोपलीवर), क्रेटवर बऱ्याचदा मार्करने शेतकऱ्याचं नाव आणि गाव लिहिलेलं असतं. माल आवडला की गाळ्यावर विचारायचं, हे काका कुठले, बाग बघायला येऊ का. दुसरा मार्ग म्हणजे सीझनमधे दिवे-सासवड रस्त्याला पाट्या घेऊन बायका बसतात, त्यांच्याकडून एकदा घ्या, गप्पा मारा, पुढच्या खेपेला त्यांच्याच शेतात जा.

फोनवर तीन गोष्टी विचारायच्या. तोडा चालू आहे का, किती वाजता संपतो, आणि आमच्यासाठी एखादं झाड राखून ठेवाल का. तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. अंजिराची तोडणी भल्या पहाटे असते कारण माल मार्केटला पोचवायचा असतो, तुम्ही आरामात नाश्ता करून दहाला पोचलात तर झाडावर उरलेलं असतं ते उद्याचं, म्हणजे कच्चं. "काका, दोन झाडं ठेवा, आम्ही आठपर्यंत येतो आणि जे तोडू त्याचे पैसे देऊ" एवढं म्हणा, कुणी नाही म्हणत नाही. ज्या दिवशी जाणार त्या बाजूला आठवडे बाजार कुठे आहे तेही त्याच फोनवर विचारून घ्या, कारण प्रत्येक गावाचा वार वेगळा.

पहाटे पाचला मार्केट यार्ड

ही पायरी गाळली तरी चालेल पण गाळू नका. गुलटेकडीचं मार्केट यार्ड शनिवारी बंद असतं (मी एकदा चार मैत्रिणींना शनिवारी पहाटे साडेचारला उठवून नेलं होतं, गेटवर एक कुत्रं आणि आम्ही पाचजणी, आजही ऐकून घेते) आणि रविवारी सगळ्यात जास्त आवक असते. म्हणून रविवारच धरा. पाच ते साडेसहा एवढं पुरे.

तिथे खरेदी करायला जायचं नाहीये, भाव आणि डोळा तयार करायला जायचंय. होलसेलमधे माल डागावर, पाटीवर, म्हणजे आख्खा नग धरूनच विकला जातो, पाव किलो मागितलंत तर अडते (दलाल) तुमच्याकडे बघणारही नाहीत आणि त्यांचं बरोबर आहे. पालेभाज्यांचा भाव शंभर जुडीवर बोलतात. मेथी, कोथिंबीर, शेपू तर ओळखालच, पण चाकवत, चुका, अंबाडी, राजगिरा, करडई, चंदनबटवा एका ठिकाणी बघायला मिळणं म्हणजे भाज्यांची शाळाच. फळांच्या बाजूला अंजीर आणि सीताफळाचा त्या दिवसाचा भाव कानावर घालून घ्या, तीन-चार गाळ्यांवर नुसतं उभं राहिलं तरी कळतो. हा आकडा पुढे शेतात कामाला येतो.

नवख्यांसाठी एकच नियम: वाटेत उभं राहू नका. मागून "बाजूऽऽ" असा आवाज आला की आधी सरकायचं, मग वळून बघायचं, कारण डोक्यावर पोतं असलेल्या हमालाला थांबता येत नाही. चप्पल घसरत नाही अशी घाला, खाली भाजीचा चिखल असतो. भूक लागली तर चहा-क्रीमरोल आहेच, पण शहरात कुठे 'कष्टाची भाकर' हे जेवणाचं केंद्र दिसलं तर तिथेही एकदा जेवा, हमालांच्या संघटनेने, हमाल पंचायतीने, बाबा आढावांच्या पुढाकाराने १९७४ साली कष्टकऱ्यांसाठी सुरू केलेलं, स्वस्त आणि घरच्यासारखं.

घाट आणि वेळ

साडेसहाला यार्ड सोडलं की हडपसरमार्गे दिवे घाट. कोंढव्याकडून बोपदेव घाटही आहे, जवळ वाटतो पण चढ आणि वळणं जास्त, नवीन ड्रायव्हरने दिव्यानेच जावं. घाटात डावीकडे-उजवीकडे गाडी लावून मस्तानी तलावाचे फोटो काढणाऱ्यांची गर्दी असते, तुम्हीही काढा पण वळणावर थांबू नका. घाटात रस्त्याचं काम निघालं तर वाहतूक अडते, अर्धा तास हाताशी ठेवा. स्वतःची गाडी नसेल तर स्वारगेटहून एसटी आणि हडपसरवरून पीएमपीच्या बस आहेत, सासवडला उतरून पुढे रिक्षा किंवा शेतकऱ्याची टू-व्हीलर, तो भाग फोनवर ठरवून घ्या.

बागेत

आता मुख्य. फुल बाह्यांचा शर्ट घाला, हे मी दोनदा सांगते आहे असं समजा. अंजिराचं पान सँडपेपरसारखं खरखरीत असतं आणि देठ तुटला की पांढरा चीक येतो, तो हाताला लागला की खाज, ओठाला लागला की दिवसभर भाजल्यासारखं. तोडणाऱ्या बायका हाताला फडकं गुंडाळतात, तुम्हीही एखादं जुनं फडकं न्या.

पिकलेलं अंजीर ओळखायचं कसं ते गुरोळीच्या एका मावशींनी मला दाखवलं. रंगावर जाऊ नकोस म्हणाल्या, मान बघ. कच्चं अंजीर फांदीला ताठ उभं असतं, पिकायला लागलं की मानेतून वाकतं, पूर्ण पिकलं की लोंबतं, जणू झोपलंय. खालचा डोळा थोडा उघडतो, सालीवर बारीक पांढऱ्या चिरा पडतात आणि कधी त्या डोळ्यात मधाचा एक थेंब येऊन थांबलेला असतो. असं फळ ओढायचं नाही, देठाशी बोट लावून हळूच वर वळवायचं, हातात येतं. देठाकडे चीक उरतो म्हणून तिकडून चावायचं नाही, मधोमध उघडायचं, आत गुलाबीसर लाल, दाणेदार, आणि सकाळी आठला अजून रात्रीचा गारवा असतो त्याच्यात. हे फळ मुंबईला जाऊ शकत नाही, पुण्यालाही नाही. पोट भरून खा, पण दहा-बाराच्या पुढे सावध, नंतर घाट उतरायचाय आणि अंजीर पोट साफ करतं हे आजी उगाच सांगत नव्हत्या.

कुणीतरी ग्रुपमधला हुशार हमखास म्हणतो की प्रत्येक अंजिरात एक मेलेली माशी असते. ती गोष्ट वेगळ्या जातींची आहे. आपलं पुण्याचं अंजीर परागीभवनाशिवाय फळतं, त्याला त्या माशीची गरजच नाही, खा निवांत. आणि दुकानातली सुकी अंजिरं बघून हे इथलंच असेल असं समजू नका, ती बहुतेक अफगाणिस्तानातून येतात, इथलं ताजंच खायचं.

सीताफळाचं गणित उलटं. झाडावर पिकेपर्यंत थांबलं तर पक्षी आधी जेवतात, म्हणून कडकच तोडतात आणि ते घरी पिकतं. फक्त डोळे उघडलेले हवेत, म्हणजे खवल्यांच्या मधल्या भेगा रुंद होऊन पिवळट-पांढऱ्या दिसायला हव्यात. भेगा हिरव्या आणि खवले एकमेकांना चिकटलेले असतील तर ते फळ घरी पिकणार नाही, काळं पडून दगड होईल. गोल्डन नावाचं मोठं, कमी बियांचं सीताफळ सगळीकडे दिसेल, दिसायला भारी, टिकतंही, पण चवीला मला अजून जुनं गावरान लहान फळच आवडतं, बिया थुंकत बसायची तयारी पाहिजे. जाधववाडीला राहुरी कृषी विद्यापीठाचं अंजीर आणि सीताफळ संशोधन केंद्रच आहे, फुले पुरंदर हे सीताफळ आणि फुले राजेवाडी हे अंजीर ही नावं कानावर आली तर ती तिथल्या कामातली.

पैशाचं. यार्डात ऐकलेला भाव लक्षात आहे ना, तोच द्या, त्याच्या खाली घासाघीस करू नका. शेतात स्वस्त मिळायला पाहिजे असं आपल्याला उगाच वाटतं, पण यार्डात त्याला जो भाव मिळतो त्यातून गाडीभाडं, हमाली, तोलाई वजा होऊन पट्टी, म्हणजे उरलेली रक्कम, हातात येते, तुम्ही दारात घेतलंत तर त्याचे तेवढे वाचतात आणि तुम्हाला हातगाडीपेक्षा कितीतरी कमीत पडतं. दोघांचं भागतं. झाडाखाली उभं राहून खाल्लेलंही हिशोबात धरा, काका "असू द्या हो" म्हणतीलच, तरी अंदाजाने किलोभर जास्त लावून द्या. यूपीआय सगळीकडे आहे पण बागेत रेंज जाते, थोडी रोकड ठेवा. फांद्या वाकवून सेल्फी नको, ठिबकच्या नळ्यांवर पाय नको, आणि आदल्या दिवशी फवारणी झालीय का हे बिनधास्त विचारा, झाली असेल तर ते स्वतःच त्या ओळीतलं खाऊ देत नाहीत.

गप्पा निघाल्या की पुरंदरच्या प्रस्तावित विमानतळाचा विषय निघतोच. पारगाव, खानवडी, कुंभारवळण, एखतपूर, मुंजवडी, वनपुरी, उदाचीवाडी ही सात गावं त्यात येतात आणि त्यात बागा आहेत. पुण्याहून आलेल्या माणसाने "पण डेव्हलपमेंट होईल ना" असं सुरुवातीलाच म्हणू नये, एवढंच सुचवते. आधी ऐका.

बाजार आणि जेवण

अकराच्या सुमारास बाजार. आठवडे बाजार यार्डासारखा नसतो, इथे पाव किलो चालतं आणि वजनापेक्षा वाटा जास्त चालतो. "वाटा कसा दिला मावशी?" असं विचारायचं, वाट्यातली मिरची निवडत बसायचं नाही, वाटा म्हणजे आख्खा वाटा. मागितलं तर वर मूठभर कोथिंबीर मिळते, दोन रुपये कमी करण्यापेक्षा ती मागा, मावशीलाही ते जास्त आवडतं. कडधान्याकडे अजून शेर-पायलीचा हिशोब ऐकू येतो: दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, चार शेर म्हणजे पायली. हुलगे (कुळीथ) नक्की घ्या, हा कमी पावसाचा भाग, इथे हुलग्याची शेंगोळी घराघरात होतात आणि शहरात हुलगे विचारले तर दुकानदार तोंडाकडे बघतो. पावसाळ्यात वाटाणा घ्यायचा तर शेंग कानाशी वाजवून बघा, दाणा खुळखुळला तर जून झालाय. सुकटीच्या बाजूला गेलात तर भाजीची पिशवी लांब ठेवा, नाहीतर घरी सगळ्याला एकच वास.

जेवण शक्यतो शेतकऱ्याच्या घरीच ठरवा, पण आदल्या दिवशी सांगून आणि ताटाचे पैसे ठरवून. ऐनवेळी सहा जणांनी "वहिनी, काहीही चालेल" म्हणणं म्हणजे त्या माउलीचा रविवार घालवणं. बाजरीची भाकरी, पिठलं किंवा शेंगोळी, ठेचा, कांदा. बस. हिवाळ्यात हुरड्याला गेलात तर जेवणच नको, आगटीत गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणीस भाजून हातावर चोळून देतात, तो गरम असतानाच तोंडात टाकायचा, बरोबर शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही. गार हुरडा म्हणजे नुसती ज्वारी.

जेजुरी पुढे सतरा-अठरा किलोमीटरवर आहे आणि मोह होतो, पण रविवार हा खंडोबाचा वार, गर्दी असणारच, पहिल्या खेपेला सोडा. पिशवीत अंजिरं असतील तर नक्कीच सोडा, माझा जॅम आठवा. खाण्यासाठीच जेजुरीला जायचं तर चंपाषष्ठीला जा, देवाला वांग्याचं भरीत आणि बाजरीचा रोडगा असतो, चातुर्मासात वांगं न खाणारी घरं त्या दिवसापासून परत खायला लागतात.

घरी आल्यावर लगेच

दोन-तीनला परत निघा, पाचला घरी. आणि आता सोफ्यावर पडायचं नाही, हीच चूक सगळे करतात. अंजिरं पाटीतून काढून ताटात एका थरात ठेवा, एकमेकांवर नको, निम्मी रात्रीच संपवा, उरलेली फ्रिजमधे उद्यापर्यंत, फार तर परवा. फुटलेली दुधात फिरवा. वाटाणा त्याच रात्री टीव्ही बघत सोलायचा, शेंग ठेवली की दिवसागणिक गोडी कमी होऊन पिठूळ होतो. सीताफळं कागदात गुंडाळून तांदळाच्या डब्यात किंवा टोपलीत, फ्रिजमधे नको, कच्चं सीताफळ फ्रिजमधे काळं पडतं. रोज सकाळी अंगठ्याने हलकेच दाबून बघा, सगळी एकदम पिकतात आणि मग धावपळ होते.

त्या धावपळीत गर काढायला मिक्सर वापरलात तर बिया फुटू देऊ नका, चाळणीवर हाताने घासून काढा. बीची पूड डोळ्यात गेली तर डोळ्यांची वाट लागते, उवा मारायला वापरायचे ती. आणि बासुंदी करणार असाल तर दूध आटवून पूर्ण गार करा, मग गर घाला. गरम दुधात घातला की सीताफळ कडवट होतं आणि मग सगळे म्हणतात सीताफळच खराब होतं.

शेतकऱ्याचा क्रेट आणला असेल तर तो धुऊन ठेवा आणि पुढच्या खेपेला परत न्या, क्रेटचे पैसे त्याच्या खिशातून जातात. माझ्या बाल्कनीत सध्या एक आहे, त्यात कांदे ठेवलेत, काकांचा दोनदा फोन येऊन गेला: क्रेट राहू द्या, पण सीताफळ चालू झालंय, येताय कधी?